कामाचं टेन्शन घरात शिरण्याआधी

वर्गात आम्ही एकदा मुलांना विचारलं, ‘अब्बा घरी आले की तुम्ही काय करता?’ कोणी म्हणालं पाणी देतो, कोणी मोबाइल लपवतो. एक मुलगा म्हणाला, ‘सर, आधी त्यांचा चेहरा बघतो. मग ठरवतो.’ वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही, कारण आमच्या घरीही बहुधा हेच चालत असावं.

पनवेल ते सीएसएमटी सुमारे 49 किलोमीटर. लोकलने जवळपास 80 मिनिटं, तीही वेळेवर असली तर. दिवसभर साहेबांचं ऐकायचं, गर्दीत उभं राहायचं, त्यात हप्त्याचा मेसेज. तळोजा एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांचं तरी वेगळं काय? ‘टेन्शन घेऊ नका’ असं सगळेच सांगतात. पण टेन्शन आपण घेत नसतो, शरीर घेतं. धोका वाटला की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब आणि रक्तातली साखर वाढते. समोर वाघ असेल तर हे उपयोगाचं, पळता येतं. साहेबासमोरून कुठे पळणार? मग तो सगळा जोर घरी बायको-मुलांवर निघतो.

म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही थेट घरी जात नाही. वडाळे तलावाला एक चक्कर मारतो, फोन खिशात. चालताना श्वास घ्यायला चार मोजायचे, सोडायला सहा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात. पहिला आठवडा हा वेडेपणाच वाटला. रात्रीचा चहाही सोडला, ते जास्त जड गेलं. पण चहातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही बरंचसं अंगात असतं, मग झोप कशी लागणार?

‘आम्हा बायकांना ही चक्कर कुठली?’ असं घरून ऐकावं लागलं. बरोबरच होतं. आता रात्रीची भांडी आम्ही घासतो, त्या तेवढा वेळ बहिणीशी फोनवर बोलतात.

आपल्याकडे अजून एक बोललं जातं, ईमान कमजोर म्हणून मन उदास. नवव्या-दहाव्या शतकात बल्खचे अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. कारण असलेलं दुःख वेगळं आणि विनाकारण येणारी उदासी वेगळी, या दुसरीला शरीराचा इलाज लागतो, असं ते सांगतात. हजार वर्षांपूर्वी हे कळलं होतं आणि आपण आज डॉक्टरकडे जायला लाजतो!

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आम्ही तो शाळेच्या नोटीस बोर्डावर लावला. पहिल्याच दिवशी दोघा पालकांनी त्याचा फोटो काढला. एका ओळखीच्यांसाठी हवाय, असं दोघेही म्हणाले.