मेव्हनची घटक-भांडारे : स्वरूप आणि व्यवस्थापन

प्रस्तावना :

जावा भाषेत लिहिलेले कोणतेही मध्यम आकाराचे सॉफ्टवेअर आज संपूर्णपणे एका संस्थेच्या हातचे नसते. त्यात इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्ररी वापरलेल्या असतात, त्या लायब्ररी पुन्हा दुसऱ्या लायब्ररींवर अवलंबून असतात आणि पाहता पाहता अशा घटकांची संख्या शेकड्यांत जाते. हे घटक मिळवणे, मूळ आज्ञावली कंपाइल करणे, चाचण्या घेणे व शेवटी वापरण्याजोगी फाइल तयार करणे ही कामे बिल्ड टूल करते. घटक कोठून घ्यावयाचे हा प्रश्न मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात अपाची मेव्हन व ग्रेडल या दोन साधनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

निर्देशांकांची पद्धत :

२००० साली आलेल्या अँट या साधनाच्या काळात लायब्ररीच्या जार फाइली प्रकल्पाच्याच एका फोल्डरमध्ये ठेवण्याची रीत होती. फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असेलच असे नाही. त्यामुळे दोन वर्षांनी तो प्रकल्प हाती घेणाऱ्यास कोणती आवृत्ती वापरली आहे हे सांगता येत नसे. २००४ मध्ये मेव्हनची पहिली व २००५ मध्ये दुसरी आवृत्ती आली. मेव्हनने प्रत्येक घटकाला तीन अंगांचा निर्देशांक दिला : प्रकाशकाचा ग्रुप आयडी, घटकाचा आर्टिफॅक्ट आयडी आणि आवृत्ती. ग्रंथपालास ही कल्पना नवी वाटणार नाही. प्रकल्पाच्या पोम फाइलीत एवढी नोंद केली की मेव्हन तो घटक, तसेच त्याला लागणारे इतर घटक, भांडारातून उतरवून घेते.

एकाच घटकाच्या दोन आवृत्त्या दोन वाटांनी मागितल्या गेल्या तर काय होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. मेव्हन प्रकल्पापासून सर्वांत कमी पायऱ्यांवर असलेली आवृत्ती घेते, मग ती जुनी का असेना. ग्रेडल सामान्यतः सर्वांत वरच्या क्रमांकाची आवृत्ती निवडते. साहजिकच एका साधनावर नीट चालणारा प्रकल्प दुसऱ्यावर नेल्यास वेगळ्याच घटकांनिशी तयार होऊ शकतो. यासाठी मेव्हनमध्ये डिपेंडन्सी मॅनेजमेंट या विभागात आवृत्ती स्पष्टपणे नोंदवून ठेवणे इष्ट ठरते.

भांडारांचा क्रम :

मेव्हन प्रथम वापरकर्त्याच्याच संगणकावरील स्थानिक भांडारात शोध घेते. तेथे घटक नसेल तर नोंदवलेल्या दूरस्थ भांडारांकडे क्रमाने विचारणा होते. काही सांगितले नसल्यास ते भांडार म्हणजे मेव्हन सेंट्रल होय. मात्र मेव्हन ३ मध्ये एखाद्या घटकाच्या स्वतःच्या पोम फाइलीत वेगळे भांडार नोंदवलेले असेल, तर त्या घटकाला लागणारे पुढील घटक शोधताना तेही विचारात घेतले जाते. म्हणजे ज्या ठिकाणाचे नावही प्रकल्पकर्त्याने कधी लिहिले नाही, तेथून फाइल येऊ शकते. ग्रेडल असे करीत नाही, आणि या बाबतीत त्याची रीत अधिक सुरक्षित म्हणावी लागेल.

क्रमाचे महत्त्व २०२१ च्या फेब्रुवारीत प्रकर्षाने पुढे आले. अॅलेक्स बिर्सान या संशोधकाने मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत घटकांची नावे शोधून त्याच नावांचे, पण वरच्या आवृत्तीचे घटक सार्वजनिक भांडारांत ठेवले. अॅपल व मायक्रोसॉफ्टसह पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांनी ते बाहेरचे घटक घेतले. हे प्रयोग जावाच्या नव्हे तर एनपीएम, पायपीआय व रुबीजेम्स या भांडारांवर झाले. मेव्हन सेंट्रलमध्ये ग्रुप आयडीवरील हक्क, बहुधा डोमेन नावाच्या आधारे, सिद्ध करावा लागतो, म्हणून तेथे हा धोका कमी आहे. तथापि अनेक भांडारे बेफिकिरीने जोडली असतील तर तो संपत नाही. ग्रेडलमध्ये कोणता ग्रुप कोणत्या भांडारातूनच घ्यावा असे बंधन घालता येते.

जेसेंटरचा अनुभव :

जेफ्रॉग या कंपनीचे जेसेंटर हे भांडार मेव्हन सेंट्रलमधील घटकही पुरवीत असे आणि त्याखेरीज स्वतःचेही. अँड्रॉइड स्टुडिओ नवा प्रकल्प तयार करताना अनेक वर्षे याच भांडाराची नोंद आपोआप करीत असे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही ती तशीच राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ही सेवा थांबवीत असल्याचे जाहीर केले. भांडार काही काळ केवळ वाचनापुरते चालू राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याकडे येणाऱ्या मागण्या मेव्हन सेंट्रलकडे वळवण्यात आल्या. ज्या लेखकांनी आपल्या लायब्ररी सेंट्रलमध्ये हलवल्या नव्हत्या, त्यांचे घटक तेथे सापडत नाहीत. अशा प्रकल्पाच्या आज्ञावलीत एक अक्षरही बदलले नसले तरी तो आता नव्या संगणकावर तयार होत नाही.

स्वतःचे भांडार :

यावरील व्यवहार्य उपाय म्हणजे संस्थेने नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी यांसारखे रिपॉझिटरी मॅनेजर आपल्या सर्व्हरवर चालवणे. त्यात बाहेरील भांडाराची प्रत साठवणारे प्रॉक्सी भांडार, स्वतःच्या घटकांचे होस्टेड भांडार व दोन्हींना एका पत्त्याखाली आणणारा गट असे तीन प्रकार असतात. मेव्हनच्या सेटिंग्ज फाइलीत मिरर म्हणून हाच पत्ता दिला की पोम फाइलींत कोठेही लिहिलेली इतर भांडारे आपोआप बाजूला पडतात. प्रयोगशाळेतील साठ संगणकांनी एकच फाइल साठ वेळा इंटरनेटवरून उतरवण्याचा खर्चही वाचतो.

प्रकाशित आवृत्ती कधीही बदलू वा पुसू नये, हा मेव्हन सेंट्रलचा नियम येथेही पाळावा. घडणीत असलेल्या स्नॅपशॉट आवृत्त्या मात्र ठरावीक दिवसांनी काढून टाकण्यास हरकत नाही. या नियमाची एक बाजू गैरसोयीची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत अतिशय गंभीर दोष उघड झाला. त्याच महिन्यात २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत दुरुस्त आवृत्त्या आल्या, पण दोषयुक्त आवृत्त्या सेंट्रलमध्ये तशाच आहेत आणि मागितल्यास मिळतात. भांडार त्या अडवीत नाही. रिपॉझिटरी मॅनेजर बाळगणाऱ्या संस्थेस आपल्याकडे कोणती आवृत्ती उतरवली गेली हे निदान एका ठिकाणी पाहता येते. कोणत्या प्रकल्पात ती शिरली आहे हे मात्र प्रत्येक प्रकल्पाचा डिपेंडन्सी ट्री काढूनच तपासावे लागते.