बोल्टच्या डोक्यावरील दोन अंक आणि वेल्डिंग

पूर्वनिर्मित काँक्रीटच्या इमारतीत भिंती, खांब व तुळया कारखान्यात ओतून आणतात. जागेवर मुख्य काम उरते ते त्या सांधण्याचे. सांधा दुबळा असेल तर सुटे भाग भक्कम असूनही उपयोग नाही. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, आणि पुरेशा न बांधलेल्या भिंती ढासळून इमारतीचा एक कोपराच खाली आला. चार माणसे दगावली.

असे सांधे बोल्टांनी जोडतात वा वेल्डिंगने. दोन्ही एकाच ठिकाणी आली म्हणजे घोटाळा संभवतो. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे उमटविलेले असतात. ते दशांश अपूर्णांक नव्हेत. ती दोन पदांची संज्ञा होय. पहिले पद शंभराने गुणले असता पोलाद किती ताणाला तुटेल ते कळते. दुसरे पद त्याच्या किती दशांशावर ते कायमचे ताणले जाऊ लागेल ते सांगते. म्हणजे ८.८ चा अर्थ दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन आणि ६४० न्यूटन, ४.६ चा ४०० आणि २४०. भाषाभ्यासकास हेवा वाटावा अशी ही नेटकी रचना! परंतु पोलादात कार्बन किती, याविषयी ती मौन पाळते, आणि वेल्डिंगच्या दृष्टीने कळीचा प्रश्न तोच आहे.

८.८ व १०.९ या बोल्टांचे बळ पाणी दिल्याने आलेले असते: तापवून एकदम थंड करावयाचे, मग पुन्हा किमान ४२५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे. वेल्डिंगची आच याहून कितीतरी अधिक असते. तिने जोडालगतचा भाग ठिसूळ होतो, त्यापलीकडचा नरम पडतो. डोक्यावरचा आकडा मात्र तसाच राहतो. शिवाय जोडात शिरलेल्या हायड्रोजनमुळे पडणारी चीर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उमटते. ४.६ चा बोल्ट वेल्डिंगला चालेलच, असेही समजू नये. त्या वर्गात सुमारे अर्धा टक्का कार्बन असलेले पोलादही बसते. त्याचे रासायनिक प्रमाणपत्रच पाहिले पाहिजे.

चाकी सैल होऊ नये म्हणून तिला 'टाका मारण्याची' कारागिरांत रीत आहे. हा शब्द शिवणकामाइतका निरुपद्रवी वाटतो. पाणी दिलेल्या बोल्टावर तो टाका घातक ठरतो. तेथे दुसरी चाकी आवळून बसवावी. वेल्डिंग करावयाचेच असेल तर काँक्रीटमध्ये आधीच बसविलेल्या, कमी कार्बनच्या पोलादी पट्टीवर, बोल्टापासून दूर करावे. पट्टीवर जस्ताचा लेप असल्यास तेवढ्या जागेवरून तो काढावा. जोड थोडाथोडा, मध्ये थंड होऊ देत भरावा. अन्यथा तापलेली पट्टी प्रसरण पावून मागचे काँक्रीट तडकते. आणि तपासणी सांध्यात मसाला भरण्यापूर्वीच उरकावी, कारण नंतर तो जोड कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.