काळ्या गाडीवरचं जाळं
उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याचं जाळं दिसतं ना, ते खरं तर गोल नसतंच. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना असतात. उजेडाच्या प्रतिबिंबाला आडवे असतील तेवढेच चमकतात. धुळीवरून रोज कोरडं फडकं फिरवलं की ते पडतात. पॉलिशर ओरखडे भरत नाही, भोवतालचा क्लिअरकोट त्यांच्या तळापर्यंत झिजवतो. आणि हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ! म्हणून आम्ही आधी वीतभर जागेवर मऊ पॅड आणि बारीक पॉलिश लावून बघतो. तेवढ्यानं भागलं, तर कंपाऊंडला हातच लावत नाही. कडांवर टेप चिकटवतो, तिथे रंग लवकर उडतो. नखाला अडकणारा ओरखडा मात्र आम्ही राहू देतो.