कोब्यावरील ओल आणि बेगमीचे भात

मुळशी खोऱ्यात भाताची कापणी आश्विन-कार्तिकात उरकते. परंतु घरच्या बेगमीचे भात पुढील पावसाळा सरेपर्यंत पुरवावयाचे असते. पूर्वी ते कणगीत साठवीत व कणगी दगडांवर उभी करीत. आता घरोघरी सिमेंटचा कोबा आला व पोती थेट त्यावर रचली जाऊ लागली. कोबा टणक, तेव्हा त्यातून ओल येणार नाही, हा समज चुकीचा आहे. काँक्रीटमध्ये सूक्ष्म छिद्रे असतात. वातीत तेल चढावे, तसे जमिनीतील पाणी त्यांतून वर चढते. मग तळाच्या पोत्यांना बुरशी येते आणि आंबेमोहोराचा सुवास जाऊन कुबट वास लागतो.

ओलीचे कारण कसे ओळखावे?

ओल खालून येते, किंवा दमट हवेतील बाष्प थंड कोब्यावर जमते. कोबा पुसून त्यावर दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व एक दिवस-रात्र थांबावे. तुकड्याच्या खालच्या अंगास थेंब आल्यास ओल जमिनीतील. वरच्या अंगास आल्यास हवेतील समजावी.

उपाय

हवेतील ओल असल्यास झडीच्या दिवसांत खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात व कोरडे ऊन पडताच उघडाव्यात. कोबा धुऊ नये, पुसून घ्यावा. जमिनीतील ओल असल्यास पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणारा चर पावसाळ्यापूर्वी काढावा.

नवा कोबा करताना दगडी सोलिंगवर वाळूचा थर द्यावा. त्यावर 250 मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद, जोडावर सहा इंच एकावर एक येईल असा, अंथरून मगच काँक्रीट टाकावे. पाणी मारणे संपल्यावर दर इंच जाडीस वाळण्यास सुमारे एक महिना लागतो. म्हणून चार इंचांचा कोबा मे महिन्यात न करता पौषातच उरकावा.

कोबा कसाही असो, भात 14 टक्क्यांहून कमी ओलावा राहील इतके वाळवावे. पोती अर्धा फूट उंच लाकडी माचावर, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडून रचावीत. माच नसल्यास बांबूच्या दोन चटयांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घालावा. खतांची पोतीही अशीच, परंतु धान्यापासून वेगळ्या खोलीत ठेवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी गावातील एका घरी प्लॅस्टिकची ही चाचणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. थेंब कोणत्या अंगास आले हे डोळ्यांनी पाहिले, म्हणजे माच करण्याविषयी वेगळे सांगावे लागणार नाही.