शेंडा वाचणारी माणसं

जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या एखाद्या जंगलात दोन माणसं दुर्बिणी घेऊन एकाच झाडाभोवती फिरताना दिसली, तर ती पक्षी बघत असतीलच असं नाही. निरोगी झाडाच्या मानाने या झाडाच्या शेंड्यातली पानं किती टक्के कमी आहेत, यावर त्यांची चर्चा चाललेली असते. एक म्हणतो पंधरा, दुसरा म्हणतो वीस. एकमत झालं की आकडा कागदावर चढतो आणि दोघं पुढच्या झाडाकडे सरकतात. पुढल्या वर्षी साधारण त्याच दिवसांत, त्याच झाडांपाशी, हेच सारं पुन्हा.

असं काम आज सुमारे चाळीस देशांत चालतं. युरोपच्या नकाशावर सोळा बाय सोळा किलोमीटरच्या चौकटी आखल्या आहेत. चौकटीचा कोपरा जिथे जंगलात पडतो तिथली काही झाडं निवडून, त्यांना क्रमांक देऊन ठेवलेली आहेत. दरवर्षी लाखभर झाडांची अशी हजेरी घेतली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या छत्राखाली १९८५मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचं अधिकृत नाव लांबलचक आहे. संशोधकांत तो ‘आयसीपी फॉरेस्ट्स’ म्हणून ओळखला जातो. त्याचं समन्वय केंद्र बर्लिनच्या ईशान्येला, एबर्सवाल्ड या छोट्या शहरातल्या थ्यूनेन संस्थेत आहे. वनसंशोधन संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे ‘आययूएफआरओ’, १८९२मध्ये याच गावात स्थापन झाला होता. महासंघाचं मुख्यालय आता व्हिएन्नात आहे, आणि हवेचं प्रदूषण व हवामानबदल यांचा जंगलावरचा परिणाम हा त्याच्याही अभ्यासाचा एक ठरलेला विषय आहे.

मुळात या सगळ्याची सुरुवात झाडांपासून झालीच नाही. ती माशांपासून झाली. स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांमधले मासे कमी होत होते आणि कारण सापडत नव्हतं. स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी १९६७मध्ये ‘दागेन्स न्यूहेतर’ या दैनिकात लेख लिहून सांगितलं, की ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराड्यांतून निघालेलं गंधक वाऱ्याबरोबर येतं आणि आमच्या पावसात आम्ल होऊन उतरतं. आपल्या शहरातली हवा स्वच्छ राहावी म्हणून कारखान्यांनी उंच धुराडी बांधली होती. धूर दूर गेला. नाहीसा झाला नाही.

धूर सरहद्द ओलांडतो, म्हणजे उपायही एकट्यादुकट्या देशाच्या हातातला नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या देशांनी एकत्र बसावं असा हा विषय निघाला. सोव्हिएत संघाला पश्चिमेशी बोलण्यासाठी एखादा कमी स्फोटक विषय हवाच होता, हेही खरं. १९७९च्या नोव्हेंबरात जिनिव्हामध्ये दूरवर वाहणाऱ्या हवाप्रदूषणाचा करार झाला. या कराराची पहिली काही वर्षं थंडच गेली असती, जर मध्येच जर्मनी घाबरली नसती.

जर्मनीला घाबरवलं ते ग्योटिंगनच्या बेर्नहार्ड उलरिश यांनी. जवळच्या झोलिंग पठारावर बीच आणि स्प्रूसच्या जंगलात त्यांचा गट १९६०च्या दशकापासून पावसाचं आणि मातीतल्या पाण्याचं रसायन मोजत होता. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : आम्लपाऊस मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. ते संपलं की मातीच्या कणांत बंदिस्त असलेलं ॲल्युमिनियम विरघळून बाहेर येतं आणि झाडाच्या केसासारख्या बारीक मुळांना मारतं. वरून जंगल हिरवं दिसतं, खाली पाया पोखरलेला असतो. नोव्हेंबर १९८१मध्ये ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाने मरणाऱ्या जंगलावर मुखपृष्ठकथा केली आणि हा विषय प्रयोगशाळेतून थेट स्वयंपाकघरातल्या गप्पांत शिरला.

चार वर्षांत दोन गोष्टी घडल्या. गंधकाचं उत्सर्जन १९८०च्या तुलनेत १९९३पर्यंत तीस टक्क्यांनी घटवण्याचा मसुदा हेलसिंकीत स्वाक्षरीला आला, आणि त्याच वर्षी, १९८५मध्ये, जंगलावर सामायिक नजर ठेवणारा हा कार्यक्रम उभा राहिला.

मग जंगलं मेली का? बहुतांश नाही मेली. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीच्या सीमेवर, जिथे लिग्नाइट जाळणारी वीजकेंद्रं दाटीने उभी होती, तिथले डोंगर खरोखर बोडके झाले. ‘काळा त्रिकोण’ हे त्या पट्ट्याचं नाव अजून कुणी विसरलेलं नाही. बाकीच्या युरोपात मात्र भाकिताप्रमाणे काही घडलं नाही. यावरून पुढे शास्त्रज्ञांची भरपूर टिंगल झाली. टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य होतं : दुष्काळी वर्षांतली पानगळ आणि काही ठिकाणची मॅग्नेशियमची टंचाई यांना सरसकट आम्लवर्षेच्या खात्यावर टाकलं गेलं होतं. पण टिंगल करताना एक गोष्ट सोयीने वगळली जाते. भीतीपोटी का होईना, धुराड्यांवर गंधक शोषणारी यंत्रणा बसली, कितीतरी जंगलांवर हेलिकॉप्टरमधून चुन्याची भुकटी टाकली गेली, आणि युरोपचं गंधकाचं उत्सर्जन पुढच्या काही दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटलं. झोलिंगमध्ये तर संशोधकांनी स्प्रूसच्या फांद्यांखाली पारदर्शक छप्पर उभारलं. वरून येणारा पाऊस गोळा करायचा, स्वच्छ करायचा आणि खालच्या जमिनीवर शिंपडायचा. स्वच्छ पाणी मिळालेल्या जमिनीत बारीक मुळं पुन्हा वाढू लागली. उलरिश यांच्या मांडणीचा गाभा चुकीचा नव्हता, तिची घाई चुकीची होती.

कार्यक्रमाचं खरं वैभव त्याच्या दुसऱ्या पातळीत आहे. चौकटीतल्या झाडांची पाहणी ही पहिली पातळी. तिच्यातून जंगल आजारी आहे हे कळतं, कशाने ते कळत नाही. म्हणून १९९४पासून काहीशे निवडक प्लॉट बारकाईने मोजले जाऊ लागले. तिथे झाडांखाली फनेल आणि बाटल्या मांडलेल्या असतात, कारण मोकळ्या आकाशातला पाऊस आणि पानांवरून ठिबकलेला पाऊस यांचं रसायन वेगळं असतं. पानांवर साचलेली धूळ आणि वायू तो बरोबर घेऊन उतरतो. बीचच्या गुळगुळीत खोडावरून ओघळणारं पाणी वेगळं पकडावं लागतं. खोडाला पट्टा बांधून घेराची वाढ टिपतात. जाळ्यांत पडलेली पानं, फळं, काटक्या वेचून वाळवतात आणि तोलतात. जमिनीत रुतवलेल्या सच्छिद्र नळ्यांतून मातीतलं पाणी ओढून घेतात. हे सगळं पंधरवड्याला किंवा महिन्याला, बर्फ असो वा चिखल. नोबेल मिळवून देणारं काम नव्हे हे. पण ते एक वर्ष चुकलं तर त्या वर्षाची जागा कायमची रिकामी राहते.

फिनलंडमधलं नत्र आणि इटलीतलं नत्र एकाच मापाने मोजलं गेलं नाही, तर चाळीस देशांच्या आकड्यांची बेरीज निरर्थक ठरते. त्यासाठी एकाच पाण्याचे, एकाच मातीचे, एकाच पानाच्या भुकटीचे नमुने सगळ्या प्रयोगशाळांना पाठवतात आणि कुणाचं उत्तर किती हुकतं ते तपासतात. प्रयोगशाळेचं हे जमतं, डोळ्यांचं अवघड. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली की गुण बदलतात, तसंच शेंड्याचं. सुरुवातीच्या नकाशांवर काही ठिकाणी देशाची सीमा ओलांडताच जंगलाची तब्येत एकदम सुधारायची किंवा बिघडायची. झाडांना पासपोर्ट नसतो, तेव्हा हा फरक निरीक्षकांचाच होता. निरोगी झाड कशाला म्हणायचं, शेजारच्या चांगल्या झाडाला की पुस्तकातल्या आदर्श छायाचित्राला, यावरच देशादेशांत मतभेद होते. उपाय म्हणून वेगवेगळ्या देशांच्या पथकांना एकाच जंगलात आणून तीच झाडं मोजायला लावतात. तफावत कमी झाली आहे, संपलेली नाही. म्हणून जाणते अभ्यासक दोन देशांच्या आकड्यांची तुलना करण्यापेक्षा एकाच देशाचा कल बघतात.

या साठ्यातून निघालेली उत्तरं बहुतेकदा मूळ प्रश्नाची नाहीतच. लंडनच्या क्यू उद्यानातील आणि इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २० देशांतल्या १३७ प्लॉटमधून झाडांच्या मुळांवर वाढणाऱ्या सहजीवी बुरशीचे नमुने घेतले. २०१८मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या अभ्यासातून दिसलं, की हवेतून पडणारं नत्र वाढलं की या बुरश्यांची घडी बदलते, आणि ती बदलण्यासाठी लागणारं प्रमाण तोवर सुरक्षित मानलेल्या मर्यादेपेक्षाही कमी आहे. बुरशीचे नमुने कुणीही गोळा करू शकला असता. त्या प्रत्येक जागी वर्षानुवर्षं किती नत्र पडत आलं आहे, हे मात्र इथेच लिहून ठेवलेलं होतं. गंधक घटलं, पण वाहनांतून आणि पशुपालनातून येणारं नत्र तसं घटलं नाही. नत्र म्हणजे खत, त्याने आधी झाडं जोमाने वाढतात. मग फॉस्फरससारखी बाकीची द्रव्यं त्या वाढीला पुरत नाहीत. पानांच्या रासायनिक नोंदींतून युरोपीय झाडांचं पोषण खालावत असल्याचं २०१५मध्ये मांडलं गेलं, तेही याच साठ्यावरून.

आणि मग आला २०१८चा उन्हाळा. मध्य युरोपात त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं पाऊस रुसला. स्प्रूस हे मूळचं थंड डोंगरी झाड. सरळ खोड आणि लवकर हाती येणारं लाकूड म्हणून दोनशे वर्षं ते सखल भागातही रांगा धरून लावलं गेलं होतं. साल पोखरणारा अर्ध्या सेंटीमीटरचा भुंगेरा एरवी आजारी झाडांवर जगतो. निरोगी झाड डिंक सोडून त्याला बुडवतं. तहानलेल्या झाडाकडे तो डिंकच उरला नाही. जर्मनीच्या अंतराळ संस्थेने उपग्रहचित्रांवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात त्या देशाचं सुमारे पाच लाख हेक्टर जंगल, म्हणजे एकूण जंगलाच्या पाच टक्के, गेलं. हार्त्झच्या डोंगरांत उतारच्या उतार करडे पडले. उलरिश यांच्या काळात ज्या दृश्याची भीती घातली गेली होती, ते दृश्य अखेर आलं, वेगळ्याच कारणाने.

इथे कार्यक्रमाची मर्यादाही उघडी पडली. सोळा किलोमीटरच्या जाळीतून भुंगेऱ्याची साथ निसटते. ते काम उपग्रहाचं. पण कोणत्या मातीत, किती खोल ओलाव्यावर बीच तगला आणि कुठे शेंड्याकडून वाळला, हे उपग्रहाला सांगता येत नाही. आता कोणतं झाड लावायचं, हा सध्या तिथल्या प्रत्येक वनाधिकाऱ्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी जुन्या वह्या उघडल्या जात आहेत.

भारताचा या जाळ्याशी थेट संबंध नाही, तरी नातं जुनं आहे. १८६४मध्ये भारताच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले ते डिट्रिश ब्रांडिस जर्मनच होते. आम्लवर्षेचा प्रश्न मात्र आपल्याकडे वेगळा निघाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पावसाचं रसायन तपासून दाखवलं, की आपल्या मातीची क्षारयुक्त धूळ हवेतच बरंचसं आम्ल मारून टाकते. दक्षिण आशियाई देशांनी १९९८मध्ये मालेमध्ये सरहद्दीपार प्रदूषणाचा जाहीरनामा केला, पण त्यातून झाडं मोजणारं सामायिक जाळं उभं राहिलं नाही. आपला वनस्थिती अहवाल १९८७पासून प्रामुख्याने जंगलाचं आच्छादन मोजत आला आहे; आच्छादन म्हणजे तब्येत नव्हे. अपवाद मुदुमलईचा. तिथे भारतीय विज्ञान संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या पन्नास हेक्टरांच्या प्लॉटमधली झाडं आजवर सातत्याने मोजली जात आहेत आणि तो प्लॉट जगभरच्या अशा प्लॉटच्या जाळ्याशी जोडलेला आहे.

युरोपातही सातत्य फुकट मिळत नाही. १९८६पासून युरोपीय समुदायाचे नियम या मोजणीला पैसा पुरवत होते. २००६ला तो ओघ आटला. २००९ ते २०११ या काळात एका प्रकल्पाच्या निधीने तगवलं, त्यानंतर भार ज्या त्या देशाच्या तिजोरीवर आला. काही देशांनी प्लॉट कमी केले, काहींच्या नोंदींत खंड पडले. नोव्हेंबर २०२३मध्ये युरोपीय आयोगाने जंगलांच्या देखरेखीसाठी कायद्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा अनेक सदस्य देशांनी हे आमच्या अधिकारात नाक खुपसणं आहे, शिवाय कागदपत्रांचं ओझं वाढवणं आहे, असा आक्षेप घेतला. आकडे सगळ्यांना हवे आहेत. हिवाळ्यात बाटल्या बदलायला जाणाऱ्या माणसाचा पगार कोणाच्या खात्यातून द्यायचा, यावर घोडं अडलं.