डोक्यावरील मळ, कोंडा व खपली : नामभेद आणि उपायभेद

डोक्याच्या त्वचेवर जे जे साठते किंवा तिच्यावरून गळते, त्या सर्वांना मराठी भाषिक सामान्यतः एकच नाव देतो. ते म्हणजे 'कोंडा'. वस्तुतः या एका नावाखाली निदान तीन भिन्न अवस्था येतात आणि त्यांचे उपायही भिन्न आहेत. नाव एक म्हणून उपायही एकच, असा समज रूढ झाला म्हणजे उपायानेच विकार वाढण्याचा प्रसंग येतो. या शब्दांचा अर्थविचार केवळ कोशकाराच्या सोयीचा विषय नाही, तो याच कारणाने.

'कोंडा' हा मूळचा धान्याचा शब्द होय. धान्य कांडून-दळून चाळल्यावर जे टरफल उरते तो कोंडा. 'कोंड्याचा मांडा करणे' या वाक्प्रचारात हाच अर्थ आहे. डोक्यावरून गळणाऱ्या पांढुरक्या पापुद्र्यांना हे नाव मिळाले ते रूपसादृश्यामुळे. हेच सादृश्य ग्रीकांनाही जाणवले होते. 'पिट्युरॉन' म्हणजे कोंडा. त्यावरून पाश्चात्त्य वैद्यकातील 'पिटिरिआसिस' ही संज्ञा सिद्ध झाली. परंतु रूपक वस्तूचे दिसणे सांगते, तिचे कारण सांगत नाही. धान्याचा कोंडा कोरडा, म्हणून कोंडा झालेले डोकेही कोरडे आणि कोरडेपणावर उतारा तेलाचा, असा अनुमानाचा क्रम लोकव्यवहारात आपोआप लागतो. सुश्रुतसंहितेतील 'दारुणक' या विकाराच्या वर्णनातही कंडू आणि काठिण्य यांच्या जोडीला रूक्षता सांगितली आहे. म्हणजे या समजुतीस डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणाचा आधार आहे. चूक होते ती लक्षणालाच कारण मानण्यात.

कारण निराळे आहे. डोक्याच्या त्वचेत स्नेहग्रंथी विपुल असतात. त्यांतून पाझरणाऱ्या स्निग्ध द्रव्यावर 'मॅलॅसेझिया' नावाची सूक्ष्म बुरशी जगते. लुई शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये तिचे वर्णन केले. ही बुरशी बहुतेक प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर असते. तेव्हा कोंडा होणे हे अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. तिची एंझाइमे स्निग्ध द्रव्याचे विघटन करतात आणि ओलेइक अम्लासारखी द्रव्ये मोकळी होतात. ज्यांची त्वचा त्यांना संवेदनशील असते त्यांच्या ठिकाणी दाह व खाज उत्पन्न होते. त्वचेच्या पेशी एरवी सुमारे महिनाभराच्या क्रमाने नकळत झडतात; त्या आता घाईने आणि पुंजक्यांनी सुटू लागतात. हाच कोंडा. अशा डोक्यावर तेल थापून ठेवले की पापुद्रे चिकटून दिसेनासे होतात आणि गुण आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात बुरशीला खाद्य मिळते.

आता तीन अवस्थांचा भेद पाहू. पहिली 'मळ' ही होय. घाम, धूळ, त्वचेचा स्नेह, केसांना लावलेली तेले व लेप यांचा थर साचतो. तो बोटाने खरवडल्यास मेणचट लागतो. येथे रोग नसतो, धुणे अपुरे पडलेले असते. विहिरीच्या दुष्फेन पाण्यात साबण वापरल्यास पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो आणि तोही या थरात भर घालतो. शाम्पूतील आधुनिक क्षालकांचा असा साका होत नाही. रिठा व शिकेकाई यांतील सॅपोनीन द्रव्यांमुळे फेस होऊन मळ सुटतो. मात्र भरड पूड तशीच न चोळता गाळलेला काढा घ्यावा, नाहीतर तिचे कणच मुळाशी अडकून राहतात. डोके धुण्याचे अंतर त्वचेच्या तेलकटपणावर ठरवावे आणि अखेरीस भरपूर पाण्याने खळबळून धुवावे.

दुसरी अवस्था 'कोंडा'. येथे साध्या क्षालनाने भागले नाही तर बुरशीला आवर घालणारे औषधी शाम्पू वापरावे लागतात. केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड ही त्यांतील प्रमुख द्रव्ये. २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू सामान्यतः आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. तो लावल्यावर तीन ते पाच मिनिटे त्वचेवर राहू द्यावा लागतो. लावताच धुऊन टाकल्यास उपयोग अल्प होतो. बुरशी समूळ नष्ट होत नसल्याने कोंडा परत येऊ शकतो. ते उपचाराचे अपयश समजू नये.

तिसरी 'खपली'. जाड, चिकटलेले थर सॅलिसिलिक अम्लाने मऊ होतात. नखांनी उकरल्यास जखम होते. तान्ह्या मुलांच्या टाळूवरील खपलीस मात्र धुण्यापूर्वी थोडे तेल लावून ती मऊ करणे इष्ट ठरते. येथे तेल हे खपली सोडवण्याचे साधन असते आणि ते लगेच धुऊन टाकायचे असते. केस चकत्यांनी गळणे, पू होणे, खपल्या कानामागे वा कपाळावर पसरणे यांपैकी काही दिसल्यास वैद्याकडे जावे. मुलांच्या डोक्यावरील गजकर्णास तर पोटात घेण्याचे औषध लागते. केवळ शाम्पूने तो बरा होत नाही.

या सर्व उपायांचे क्षेत्र केस नसून त्वचा आहे, आणि नेमक्या त्याच जागी मराठीत रोजच्या वापरातला स्वतंत्र शब्द नाही. 'डोके' फार व्यापक. 'टाळू' हा शब्द माथा आणि तोंडातील भाग या दोहोंस लागतो. जुनी भाषा 'डोक्यावरून न्हाणे' म्हणे. आज 'केस धुणे' म्हणतात आणि हातही केसांपाशीच थांबतो. खुद्द 'शाम्पू' या शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. तो हिंदी 'चाँपना', म्हणजे दाबणे, यापासून अठराव्या शतकात इंग्रजीत गेला. मराठी 'चापणे' त्याच कुळातील. आरंभी त्याचा अर्थ अंग रगडणे असा होता, केस धुणे हा अर्थ एकोणिसाव्या शतकात आला. संस्कृत वैद्यकाने वापरलेला 'केशभूमी' हा शब्द मराठीत पुन्हा रुळल्यास काय धुवावयाचे आणि औषध कोठे लावावयाचे, हे नावातच स्पष्ट होईल.