माणसांची पारख

पेढीवर आलेल्या मालाचा नमुना आपण हातावर घेतो, उजेडात धरतो, मगच भाव बोलतो. काम मागावयास आलेल्या माणसाची पारख मात्र बहुधा त्याच्या प्रमाणपत्रावरून किंवा चार लोकांच्या बोलण्यावरून उरकतो. या रीतीने न चालणारा एक कारखानदार बेळगाव जिल्ह्यात जन्मास आला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मूळचे गुर्लहोसूरचे. मुंबईस चित्रकला शिकावयास गेले असता, काही रंग त्यांच्या डोळ्यांस नीट ओळखू येत नाहीत असे आढळले. चित्रकार म्हणून हा विद्यार्थी बाद ठरला; पण तोच हात यंत्रांच्या रेखाटनात तरबेज झाला. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. ज्याचा माल लोकांनी इतके दिवस नाकारला, त्यास लोकांनी नाकारलेल्या माणसांविषयी आस्था वाटली, तर नवल कसले?

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. हीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. तेथे जमलेली मंडळी पाहावी. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. त्यांच्याकडे व्यवस्था आली आणि पडेल ते काम त्यांनी निभावले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. ते कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभूराव जांभेकर अडलेले यंत्र आपल्या तऱ्हेने चालते करण्यात पटाईत. शाळेच्या निकालपत्रात अशा हुशारीस रकाना नसतो!

यात निव्वळ दयाबुद्धी होती, असे आम्हांस वाटत नाही. दयेने फार तर पगार देता येतो. जोखमीचे काम सोपविण्यास व्यापाऱ्याची छाती लागते, कारण चुकले तर भांडवल आपले जाते.

या छातीची खरी कसोटी पहारेकरी नेमताना लागली. तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग या नावांनी ओळखले जाणारे दोघे तुरुंगाची शिक्षा भोगून आलेले. दुसऱ्या एखाद्या मालकाने त्यांस बहुधा फाटकाशीही उभे केले नसते. लक्ष्मणरावांनी त्यांस रात्रीचा पहारा दिला. वसाहतीतील बायकामुले निजत, आणि बाहेर हे दोघे जागत असत.